रोजची सायकल, रोजचेच कपडे

बेंगळुरूच्या एचएसआर लेआउटमधल्या कोणत्याही मोठ्या सोसायटीच्या वाहनतळावर गेलं, तर मोटारींच्या मागे भिंतीला टेकवलेल्या सायकली हमखास दिसतात. एखादी मुलीच्या वाढदिवसाला घेतलेली, एखादी लॉकडाउनच्या दिवसांत हौसेने आणलेली. चाकांतली हवा गेलेली असते, सीटवर धुळीचा थर असतो. घरच्या गृहिणीला कारण विचारलं, तर पहिलं उत्तर ठरलेलं असतं : वेळ होत नाही, रहदारी फार आहे. थोडा वेळ गप्पा झाल्या की खरी अडचण बाहेर येते. सायकलवर घालायचं तरी काय? साडी चाकात जाते, ओढणी उडते, आणि खेळाडूंसारखे अंगाला चिकटलेले कपडे घालून कोथिंबीर आणायला कोण जाणार?

ही अडचण हसण्यावारी नेण्यासारखी नाही. एचएसआरमध्ये पुण्या-नागपूरहून, सोलापूर-बेळगावहून नोकरीनिमित्त आलेली मराठी कुटुंबं आहेत. घरात एकच मोटार असते आणि ती सकाळी नवऱ्याबरोबर ऑफिसला जाते. मागे राहिलेल्या गृहिणीची कामं मात्र एक-दोन किलोमीटरच्या आतली असतात. भाजी, बँक, मुलांचा क्लास, दवाखाना, अगर तळ्याकाठची सकाळची फेरी. चालायला ही अंतरं जास्त वाटतात आणि रिक्षावाल्याला कमी. अशा वेळी दारात उभी असलेली सायकल केवळ कपड्यांपायी न वापरणं म्हणजे हाताशी असलेलं स्वातंत्र्य कुलपात ठेवणं होय.

रोजच्या सायकलसाठी वेगळा पोशाख लागतो, ही समजूत आधी सोडायला हवी. शंभर किलोमीटरच्या शर्यतीला निघालेल्या सायकलपटूला जे कपडे लागतात, ते दोन किलोमीटरवर दळण आणायला जाणाऱ्या स्त्रीला मुळीच लागत नाहीत. तिच्या कपाटात आज आहेत त्यांतलेच निम्मे-अधिक कपडे सायकलवर उत्तम चालतात. फक्त ते निवडायची नजर हवी आणि सायकलमध्ये दोन-तीन छोट्या सुधारणा हव्यात.

एचएसआरची हवा, एचएसआरचे रस्ते

होसूर-सरजापूर रोड या नावाची आद्याक्षरं घेऊन एचएसआर हे नाव झालं. बेंगळुरू विकास प्राधिकरणाने आखलेल्या या वसाहतीत सेक्टर आणि क्रमांक दिलेले ‘मेन’ व ‘क्रॉस’ रस्ते आहेत. आतले बरेच रस्ते सरळ, झाडांच्या सावलीचे आणि सपाट आहेत. वसाहतीच्या कडेने जाणारा आउटर रिंग रोड आणि सिल्क बोर्डचा चौक यांची गर्दी साऱ्या देशात प्रसिद्ध असली, तरी रोजची बहुतेक कामं तिकडे न जाता आतल्या रस्त्यांनी उरकता येतात.

सायकलस्वारांसाठी इथे काही प्रयत्नही झाले. 2020 साली, लॉकडाउननंतर, आउटर रिंग रोडवर के. आर. पुरमच्या बाजूपासून सिल्क बोर्डपर्यंत सायकलींसाठी तात्पुरता पट्टा आखला गेला. पुढे मेट्रोचं बांधकाम आणि मोटारसायकलींची घुसखोरी यांमुळे त्याचा उपयोग फारसा राहिला नाही. ऑगस्ट 2025मध्ये मेट्रोची पिवळी मार्गिका सुरू झाली आणि सिल्क बोर्ड व बोम्मनहळ्ळी ही स्थानकं एचएसआरच्या जवळ आली. घर ते स्थानक हा टप्पा सायकलने गाठायचा विचार आता अनेकांच्या मनात येऊ शकतो.

हवेच्या बाबतीत तर बेंगळुरू भाग्यवान आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवर असल्याने इथे मुंबईसारखा घाम नाही आणि नागपूरसारखा उन्हाळाही नाही. एप्रिलमध्ये दुपारी पारा सरासरी 34 अंशांच्या आसपास जातो, तर डिसेंबर-जानेवारीत पहाटे तो 16 अंशांच्या जवळ उतरतो. म्हणजे वर्षातले बहुतेक दिवस साध्या सुती कपड्यांत, आरामात सायकल चालवता येईल असे असतात. खरी काळजी दोनच गोष्टींची : संध्याकाळी अवचित येणारा पाऊस आणि उंचीवरचं टोचरं ऊन.

आधी सायकलला सजवावं

कपडे विकत घ्यायला निघण्यापूर्वी सायकल दुकानात न्यावी. कपडे अडकतात ते मुख्यतः दोन जागी, उजव्या बाजूच्या साखळीत आणि मागच्या चाकाच्या तारांत. या दोन्ही जागा झाकल्या की कपड्यांचा निम्मा प्रश्न सुटतो.

पहिली गोष्ट चेनकव्हर. जुन्या काळ्या सायकलींना ते असायचंच. आताच्या गिअरच्या सायकलींना बहुधा नसतं, पण सायकलला बसेल असं आवरण दुकानदाराकडून लावून घेता येतं. दुसरी गोष्ट साडीगार्ड, म्हणजे मागच्या चाकाच्या बाजूला लावायची जाळी. मोटारसायकलच्या मागच्या चाकाला असं संरक्षण हवं, हे आपल्याकडे 1989च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत लिहिलेलं आहे, कारण मागे बसणाऱ्या स्त्रीचा पदर चाकात जाऊन अपघात होत. सायकलला कायद्याची सक्ती नसली, तरी चाक तर चाकच आहे. तिसरी गोष्ट चिखल अडवणारे मडगार्ड. ते नसले की पावसात कुर्त्याच्या पाठीवर चिखलाची उभी रेघ उमटते. आणि चौथी, पुढे टोपली किंवा मागे कॅरिअर. पाठीवर पिशवी अडकवली की पाठ घामाने भिजते आणि चांगल्या कपड्यांची रया जाते. ओझं सायकलने वाहावं, पाठीने नव्हे.

नवी सायकल घ्यायची असेल, तर मधला दांडा खाली वाकवलेली ‘लेडीज सायकल’ साडी किंवा लांब कुर्ता घालणारीला सोयीची. पाय मागून उंच फिरवावा लागत नाही, पुढूनच चढता-उतरता येतं. हँडल उंच असलं की पाठ ताठ राहते, मान दुखत नाही आणि पुढे वाकावं लागत नसल्याने गळ्याची चिंताही उरत नाही.

हा वाद जुनाच

सायकल आणि स्त्रीचा पोशाख यांचा झगडा आजचा नाही. 1885च्या सुमारास इंग्लंडमध्ये दोन सारख्या चाकांची, आजच्यासारखी सायकल आली आणि स्त्रियांनी ती उत्साहाने उचलली. पण त्यांचे पायघोळ झगे आणि आवळलेल्या कंबरपट्ट्या सायकलला सोसणाऱ्या नव्हत्या. काहींनी ब्लूमर नावाची ढगळ विजार घालायला सुरुवात केली, तेव्हा समाजात केवढा गहजब झाला! 1898मध्ये लेडी हार्बर्टन या प्रतिष्ठित बाई अशाच पोशाखात सायकलने सरे परगण्यातल्या एका हॉटेलात गेल्या, तर मालकिणीने त्यांना कॉफीच्या दालनात बसू दिलं नाही. प्रकरण कोर्टात गेलं आणि 1899मध्ये मालकीण निर्दोष सुटली. कोर्टात हार झाली, पण रस्त्यावर मात्र सायकल चालवणाऱ्या स्त्रियाच जिंकल्या. झगा चाकात जाऊ नये म्हणून तेव्हा मागच्या चाकाला दोऱ्यांची जाळी बांधत. आपल्या साडीगार्डची ती पणजीच म्हणायची.

आपल्या मराठी स्त्रीला एक जमेची बाजू आहे. नऊवारीचा कासोटा म्हणजे मुळातच दोन पायांना मोकळीक देणारा पोशाख. शेतात वाकून काम करणं, झपझप चालणं यासाठीच तो घडला. पुढे पाचवारी आली, सलवार-कमीज आली, आणि सायकलींचं शहर म्हणवणाऱ्या पुण्यात मुली या सगळ्या पोशाखांत सायकलने शाळा-कॉलेजात गेल्या. सायकलवरचा भारतीय पोशाख ही काही नव्याने शोधायची गोष्ट नाही.

आरशापुढची परीक्षा

कोणताही कपडा सायकलसाठी चालेल की नाही, हे दोन मिनिटांत घरी किंवा दुकानातल्या ट्रायल रूममध्ये कळतं. एक पाय उचलून गुडघा कमरेपर्यंत आणावा. कापड मांडीवर ताणलं, तर ते रस्त्यात त्रास देणार. मग स्टुलावर दोन्हीकडे पाय टाकून बसावं. कुर्ता वर सरकतो का, मागचं टोक जमिनीला लागतं का, ते पाहावं. नंतर हँडल धरल्यासारखे दोन्ही हात पुढे करावेत. बगलेत ओढलं जात असेल किंवा पाठ उघडी पडत असेल, तर तो कपडा नको. शेवटी थोडं पुढे वाकून आरशात गळा पाहावा. या चार परीक्षांत उतरलेला कपडा मग सुती असो की खादीचा, देशी असो की विदेशी, सायकलवर शोभून दिसतो.

कुर्ता, सलवार आणि ओढणी

रोजच्या सायकलला सगळ्यांत सोयीचा पोशाख कुर्त्याचाच. लांबी गुडघ्याच्या जरा वर असावी आणि दोन्ही बाजूंच्या चिरा कमरेच्या हाडापासून सुरू व्हाव्यात. बसल्यावर पुढचा पदर मांडीवर नीट राहतो आणि मागचा सीटवर दुमडून घेता येतो. मागचा भाग सीटखाली लोंबत ठेवू नये. घेरदार अनारकली दिसायला कितीही सुंदर असली, तरी ती समारंभासाठीच ठेवावी.

खाली चुडीदार, लेगिंग किंवा घोट्याशी अरुंद असलेली पँट उत्तम. पटियाळा सलवार मांडीशी मोकळी आणि पायाशी अरुंद असते, म्हणून तीही चालते. पलाझो आणि शरारा यांची मोहरी मात्र साखळीला आमंत्रण देते. घालायचीच झाली, तर उजव्या पायाची मोहरी घोट्याशी गुंडाळून त्यावर रुंद रबरबँड किंवा वेल्क्रोची पट्टी लावावी. लेगिंग पातळ असेल, तर सीटवर घासून लवकर विरते, म्हणून जरा जाड विणीची घ्यावी.

ओढणीच्या बाबतीत कसलीही तडजोड नको. नृत्यांगना इझाडोरा डंकन हिचा 1927मध्ये फ्रान्समधल्या नीस शहरात, गळ्यातला लांब रुमाल मोटारीच्या चाकात अडकून मृत्यू झाला. ही गोष्ट जगभर सांगितली जाते, पण आपल्याकडे दुचाकीच्या चाकात ओढणी जाऊन गळ्याला फास बसण्याचे अपघात होतच असतात. ओढणी गळ्याभोवती गुंडाळणं सर्वांत धोक्याचं. ती घडी करून टोपलीत ठेवावी आणि पोहोचल्यावर घ्यावी. अंगावर हवीच असेल, तर एका खांद्यावरून तिरकी घेऊन दुसऱ्या बाजूला कमरेशी पक्की गाठ मारावी आणि दोन्ही टोकं आत खोचावीत. याहून सोपा उपाय म्हणजे ओढणीच्या जागी बिनबाह्यांचं जाकीट घालणं. गुळेदगुड्डच्या खणाचं किंवा इरकली काठ लावलेलं जाकीट साध्या पांढऱ्या कुर्त्यावर असं खुलतं, की ओढणीची आठवणही होत नाही.

साडी नेसूनही

साडी नेसणाऱ्या स्त्रीने सायकल सोडून द्यायचं कारण नाही. साडी सुती आणि वजनाने बेताची असावी. नेहमीपेक्षा तीन-चार बोटं वर नेसावी. निऱ्या एकत्र करून आतल्या बाजूने पिन लावावी. पदर पिनअप करून, मागचं टोक पुढे आणून कमरेला खोचावं. हल्ली साडीच्या आत अंगाला चिकटणारे परकर वापरतात. त्यांत गुडघा वर येत नाही, म्हणून सायकलच्या दिवशी नेहमीचा घेरदार सुती परकर बरा. आत गुडघ्यापर्यंतची सुती शॉर्ट्स घातली, की वाऱ्याने साडी उडाली तरी संकोच वाटत नाही आणि मांड्याही घासत नाहीत. शिवलेली नऊवारी आता सगळीकडे मिळते. कासोट्याची असल्याने ती पायांना अडवत नाही, फक्त तिचा घोळ साखळीच्या बाजूला सैल सोडू नये. साडीगार्ड आणि चेनकव्हर नसेल, तर मात्र साडीवर सायकल चालवू नये.

जीन्स, पँट आणि शिवण

जीन्स टिकाऊ असते हे खरं, पण दोन पायांच्या जोडावर तिची जाड शिवण एकत्र येते आणि नेमकी तीच सीटवर टेकते. दहा मिनिटांच्या फेरीत ते जाणवत नाही, अर्ध्या तासात जाणवतं. म्हणून किंचित ताणलं जाणारं, पातळ डेनिम निवडावं. शिंप्याकडून पँट शिवून घेणार असाल, तर जोडावर एक छोटा चौकोनी तुकडा घालायला सांगावं. जुने शिंपी पायजम्याला तो घालतच असत. त्यामुळे शिवण एका जागी येत नाही आणि पायाला हालचाल करायला जागा मिळते. कंबर मागच्या बाजूने जरा उंच ठेवली, की वाकल्यावर पाठ उघडी पडत नाही.

एचएसआरला लागूनच असलेल्या बोम्मनहळ्ळी आणि होसूर रोडच्या परिसरात तयार कपड्यांचे अनेक कारखाने आहेत. त्यांच्या यंत्रांवर हजारो स्त्रिया जगभरच्या लोकांचे कपडे शिवतात. फॅशनचं शिक्षण देणाऱ्या राष्ट्रीय संस्थेचं, म्हणजे निफ्टचं, बेंगळुरू केंद्रही एचएसआरमध्येच आहे. ज्या वस्तीच्या आसपास एवढी शिवणकला नांदते, तिथल्या गृहिणीने कपड्यांपायी घरी बसावं, हे काही बरोबर नाही.

कापड कोणतं?

सुती, खादी, मलमल आणि लिनन ही कापडं या हवेला योग्य. सुती कापड घाम टिपतं, पण भिजलं की वाळायला वेळ घेतं, म्हणून लांबच्या फेरीला थोडा कृत्रिम धागा मिसळलेलं कापड बरं. शंभर टक्के पॉलिएस्टर लवकर वाळतं, मात्र त्याला घामाचा वास चटकन धरतो. रेयॉन अंगाला मऊ लागतं, पण ओलं झाल्यावर कमकुवत होतं. रेशमावर घामाचे डाग पडतात, तेव्हा म्हैसूर सिल्कची साडी मोटारीच्या फेरीसाठीच ठेवावी.

अंतर्वस्त्रांकडे बहुतेकींचं दुर्लक्ष होतं. काचण्याचा त्रास बहुधा त्यांच्याच शिवणीने होतो. सुती, रुंद काठाची आणि जाड शिवण नसलेली अंतर्वस्त्रं वापरावीत. सायकलपटूंच्या गादी लावलेल्या चड्ड्या रोजच्या दोन-चार किलोमीटरला लागत नाहीत. सीट टोचत असेल, तर आधी सीटची उंची आणि रुंदी तपासावी.

रंग दिसावा असा

मुख्य धोका असतो तो सायकलस्वार न दिसण्याचा. वळणावर रिक्षा, कडेला उभ्या मोटारीचं अचानक उघडणारं दार, मागून येणारा सामान पोहोचवणारा मुलगा, या सगळ्यांना सायकल दुरून दिसली पाहिजे. दिवसा पिवळा, नारिंगी, आंबा, राणी, पोपटी असे रंग चटकन डोळ्यांत भरतात. आपल्या साड्या-कुर्त्यांत हे रंग भरपूर असतात, ही भारतीय स्त्रीला मिळालेली देणगीच आहे.

अंधारात मात्र रंगाचा उपयोग संपतो. बेंगळुरूत नोव्हेंबरमध्ये सूर्य सहाच्या आत मावळतो, तर जून-जुलैत पावणेसातच्या पुढे. क्लासहून मुलांना आणायची वेळ नेमकी तीच. तेव्हा प्रकाश परतवणारी चकचकीत पट्टी हवी. ती पिशवीच्या मागे, जाकिटाच्या काठाला किंवा घोट्याच्या वेल्क्रो पट्टीवर शिवून घ्यावी. पाय सतत वर-खाली होत असल्याने घोट्यावरची पट्टी मोटारचालकाच्या लगेच लक्षात येते. सायकलला पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा हवाच.

पायापासून डोक्यापर्यंत

पादत्राणांचा तळ सपाट आणि न घसरणारा असावा आणि टाचेमागे पट्टा असावा. नुसती स्लिपर पॅडलवरून निसटते. कोल्हापुरी चप्पल ऐटदार दिसते, पण तिचा चामड्याचा तळ ओल्या पॅडलवर घसरतो. कॅनव्हासचे बूट किंवा पट्ट्याची सँडल सगळ्या पोशाखांवर जाते. बुटाच्या नाड्या आत खोचाव्यात.

लांब मंगळसूत्र कुर्त्याच्या आत घ्यावं. किणकिणणाऱ्या बांगड्या डझनभर घालण्यापेक्षा दोन-दोन बऱ्या. ब्रेक दाबताना मनगट मोकळं लागतं. केस मानेशी सैल अंबाड्यात किंवा वेणीत बांधावेत, म्हणजे हेल्मेट नीट बसतं. सायकलसाठी हेल्मेटची कायद्याने सक्ती नाही, पण डोकं आपलंच आहे. हेल्मेट कपाळावर भुवयांच्या दोन बोटं वर यावं आणि हनुवटीखालचा पट्टा घट्ट असावा. उन्हासाठी पुण्याच्या मुलींचा स्कार्फ आणि सनकोट इथेही कामाला येतो. फक्त स्कार्फ पातळ असावा, त्याची टोकं आत खोचलेली असावीत आणि बाजूचं दिसण्या-ऐकण्यात त्याने अडथळा आणू नये.

पावसाची तयारी

सप्टेंबर आणि ऑक्टोबर हे बेंगळुरूचे सर्वांत पावसाचे महिने, आणि एप्रिल-मेमध्येही संध्याकाळी वळवाच्या सरी कोसळतात. सप्टेंबर 2022मध्ये तर आउटर रिंग रोडच्या परिसरात रस्त्यांचे ओढे झाले होते. पायघोळ रेनकोट सायकलवर गुडघ्यात अडकतो, त्यापेक्षा जाकीट आणि विजार असा दोन भागांचा रेनकोट बरा. रंग पिवळा किंवा केशरी घ्यावा, करडा-काळा टाळावा. एका हाताने छत्री धरून सायकल चालवण्याचं धाडस कधीही करू नये. रस्त्यावर पाणी साचलं असेल, तर खालचा खड्डा दिसत नाही, तेव्हा उतरून सायकल हातात धरावी किंवा सर ओसरेपर्यंत एखाद्या दुकानाच्या वळचणीला थांबावं.

ऑफिसला जाणाऱ्यांसाठी

नोकरी करणाऱ्या स्त्रीची पहिली शंका घामाची असते. तीन किलोमीटर अंतर ताशी बारा-पंधरा किलोमीटरच्या संथ वेगाने बारा ते पंधरा मिनिटांत होतं. घाम येतो तो घाई केल्याने, आणि तो दिसतो थांबल्यावर, कारण चालत्या सायकलवर वारा लागत असतो. म्हणून शेवटची पाच मिनिटं वेग कमी करावा. पोहोचल्यावर लगेच लिफ्टच्या गर्दीत न शिरता सावलीत दोन मिनिटं उभं राहावं. एक लहान टॉवेल, एक जादा कुर्ता आणि कंगवा ऑफिसच्या खणात ठेवला की काम झालं. पँटसूट घालणाऱ्यांनी कोट घडी करून टोपलीत न्यावा.

नवऱ्यांनाही यातल्या बहुतेक गोष्टी लागू आहेत. उजव्या पायाच्या मोहरीला क्लिप, एक इस्त्रीचा शर्ट ऑफिसात आणि उजळ रंग. पुरुषांचे ऑफिसचे कपडे करड्या-निळ्या रंगांत अडकलेले असतात, म्हणून त्यांना चकचकीत पट्टीची गरज जास्त. शाळकरी मुलींना गणवेशाच्या स्कर्टखाली गुडघ्यापर्यंतची शॉर्ट्स द्यावी. ‘नीट बस, पाय झाक’ हे सारखं बजावण्याची वेळ मग येत नाही.

एवढं करूनही साखळीचं तेल कपड्याला लागलंच, तर पाण्याने चोळू नये. डाग पसरतो. त्यावर टाल्कम पावडर किंवा खडूची पूड दाबून ठेवावी, अर्ध्या तासाने झटकावी, मग भांडी घासायचा द्रव साबण लावून हलक्या हाताने धुवावं.

लोक काय म्हणतील?

कपडे निवडले, सायकल दुरुस्त केली, तरी एक संकोच उरतो. सोसायटीचा वॉचमन बघेल, शेजारीण विचारेल ‘गाडी बिघडली का?’, सासूबाई म्हणतील ‘या वयात?’ सायकल ही मुलांची किंवा गरिबांची, ही समजूत खोल रुजलेली आहे. त्यामुळे नववी-दहावीत वाऱ्याबरोबर सायकल हाणणारी मुलगी लग्नानंतर तिच्याकडे वळूनही पाहत नाही.

अशा वेळी शेजारच्या तामिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्याची आठवण ठेवावी. 1991 साली तिथल्या साक्षरता चळवळीने, जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांच्या पुढाकाराने, खेड्यातल्या स्त्रियांना सायकल शिकवायला सुरुवात केली. त्यांत शेतमजूर होत्या, खाणीत काम करणाऱ्या होत्या, परिचारिका आणि शिक्षिका होत्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी नोंदवल्याप्रमाणे, 1992च्या महिला दिनापासून झालेल्या प्रात्यक्षिकांत 70,000हून अधिक स्त्रियांनी आपलं सायकलचं कसब दाखवलं. लेडीज सायकली अपुऱ्या पडल्या, तेव्हा त्यांनी पुरुषांच्या सायकली घेतल्या, आणि त्या आवडल्याही, कारण मधल्या दांड्यावर मूल बसवता येतं. सुरुवातीला त्यांनाही टोमणे ऐकावे लागले. पण पाण्याची घागर, मूल आणि बाजार एका फेरीत उरकणाऱ्या बाईला टोमणे ऐकायला वेळ कुठून असणार!

त्यांच्यापाशी सायकलचे खास कपडे नव्हते. घरातली साडीच खोचून त्या निघाल्या होत्या. एचएसआरच्या गुळगुळीत, सावलीच्या रस्त्यांवर राहणाऱ्या, कपाटात वीस कुर्ते असलेल्या गृहिणीला तर याहून कितीतरी सोपं आहे. येत्या रविवारी सकाळी सायकलमध्ये हवा भरून घ्यावी, चेनकव्हर आणि साडीगार्ड लावून घ्यावं, एक आंबा रंगाचा गुडघ्यापर्यंतचा कुर्ता आणि अरुंद पँट घालावी, ओढणी घरी ठेवावी आणि रस्त्याला गर्दी होण्यापूर्वी आपल्या सेक्टरभर एक फेरी मारावी. दुसऱ्या फेरीला टोपलीत भाजीची पिशवी ठेवावी. आठवडाभरात शेजारीण ‘गाडी बिघडली का?’ असं विचारायची थांबेल आणि कुर्ता कुठून शिवून घेतला, ते विचारू लागेल.